दोन चमचे इन्युलिन आणि मीटिंगभर गुडगुड

मागच्या वर्षी मी एक मूर्खपणा केला होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही. दाढेच्या दुखण्यापायी अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता, दाढ शांत झाली पण पोटाचं तंत्र पार बिघडलं, एक दिवस जुलाब तर दोन दिवस काहीच नाही. त्यात कुठेतरी वाचलं की प्रीबायोटिक फायबर घ्या, पोट सुधारतं, इम्युनिटी वाढते वगैरे वगैरे. झालं, मी इन्युलिन नावाच्या अशाच एका फायबरच्या पावडरचा डबा मागवला. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं की थोड्यापासून सुरुवात करा, पण आपण कुठे असलं काही वाचतो, सकाळी आठ वाजता कॉफीत दोन मोठे चमचे शिगोशीग भरून टाकले, ढवळलं, दिसेनासं झालं, चव किंचित गोडसर, म्हटलं हे तर फारच सोपं आहे.

साडेदहाला मीटिंग होती. बंद खोली, आठ माणसं, एकजण हळू आवाजात आकडे वाचून दाखवतोय आणि अशा शांततेत माझ्या पोटातून आवाज आला. साधी गुडगुड नाही हो, लांबलचक, वर चढत जाणारा आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखा. शेजारच्याने चक्क मान वळवून बघितलं. मी खुर्ची सरकवल्याचं नाटक केलं, पाणी प्यायले, मग दुसरा आवाज, मग तिसरा. दुपारपर्यंत पोट ढोलासारखं फुगलं, तडस लागली आणि बाकीचं मी लिहीत नाही, समजून घ्या.

संध्याकाळी ताईला फोन केला. माझी ताई मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे असल्या बाबतीत घरातला पहिला फोन तिलाच जातो.

"किती घातलंस?"

"दोन चमचे."

"चहाचे का जेवणाचे?"

"...जेवणाचे. भरून."

ती आधी मनसोक्त हसली. मग म्हणाली, "अगं, आतड्यातले निम्मे बॅक्टेरिया आधीच मारून ठेवलेस अँटिबायोटिकने, उरलेले उपाशी, आणि त्यांच्या पुढ्यात एकदम पोतं रिकामं केलंस. तुला काय वाटलं, ते शिस्तीत रांगेत उभे राहतील?"

नंतर मी किचनच्या काट्यावर तेवढेच दोन चमचे मोजून बघितले, १८ ग्रॅम भरले. त्या फोनपासून माझं हे सगळं वाचन सुरू झालं, आणि ताईच्या एका वाक्याने डोक्यातलं चित्रच उलटं झालं. ती म्हणाली, "हे तू तुझ्यासाठी खात नाहीयेस, हे तू त्यांच्यासाठी खातेस." मी इतकी वर्षं फायबर म्हणजे पोट साफ करायचा झाडू असं समजत होते. झाडूचं कामही असतंच, पण प्रीबायोटिक म्हणजे जेवण, आणि ते जेवण माझं नाहीच.

म्हणजे कसं, की आपल्याला स्टार्च पचतं, साखर पचते, बहुतेकांना लहानपणी तरी दुधातली साखर पचते, आणि वनस्पतींमधल्या कर्बोदकांच्या बाबतीत आपली हुशारी जवळजवळ तिथेच संपते. असली कर्बोदकं तोडणारी एन्झाइम्स माणसाच्या स्वतःच्या जीन्समध्ये विशीच्या आतच आहेत. याउलट आपल्या आतड्यात राहणारा एक साधा रहिवासी, बॅक्टेरॉइड्स थेटाआयोटाओमायक्रॉन असं जिभेची परीक्षा घेणारं नाव आहे त्याचं, त्या एकट्याकडे अडीचशेच्या वर आहेत. इन्युलिन म्हणजे फ्रुक्टोजच्या कणांची माळ, पण त्या मण्यांमधली गाठ अशा पद्धतीची असते की आपलं एकही एन्झाइम ती सोडवू शकत नाही. त्यामुळे ते जठरातून जातं, सहाएक मीटर लहान आतड्यातून जातं, सगळीकडून जसंच्या तसं पुढे, आणि शेवटच्या दीड मीटरमध्ये म्हणजे मोठ्या आतड्यात पोचलं की तिथे त्याची वाट बघणारी मंडळी बसलेलीच असतात. रिकाम्या पोटी पातळ पदार्थातून घेतलं तर हा प्रवास दीड ते अडीच तासांत होऊ शकतो. आठ अधिक अडीच, साडेदहा. माझी मीटिंग अगदी मुहूर्त काढल्यासारखी ठरली होती.

ही मंडळी किती, तर जुन्या लेखांमधून सर्रास दिसतं की आपल्या पेशींच्या दहापट. ते चुकीचं निघालं. २०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो या तिघांनी नीट हिशोब मांडला, तर सुमारे ३८ लाख कोटी बॅक्टेरिया आणि आपल्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीचा सामना. आणि त्या सगळ्या बॅक्टेरियांचं वजन मिळून २०० ग्रॅमच्या आसपास. दोन किलो बॅक्टेरिया पोटात असतात हे पण तुम्ही वाचलं असेल, ते पण सोडून द्या.

प्रीबायोटिक हा शब्द तसा नवा आहे, १९९५ मध्ये ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी तो वापरात आणला. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत बॅक्टेरिया, प्रीबायोटिक म्हणजे आधीच आत असलेल्या बॅक्टेरियांचं खाणं, एका अक्षराचा फरक आणि अर्धं जग गोंधळलेलं, मीसुद्धा. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने व्याख्या जरा नव्याने मांडली, तिचा गाभा असा की ते खाणं ठराविक जिवाणूंनीच निवडून वापरलं पाहिजे आणि त्यातून यजमानाला म्हणजे आपल्याला फायदा व्हायला पाहिजे. त्यामुळे प्रत्येक फायबर प्रीबायोटिक नसतं. इसबगोल घ्या, पाणी शोषून छान जेली करतो, पोट साफ व्हायला मदत करतो, पण बॅक्टेरिया त्याला फारसे तोंड लावत नाहीत. गव्हाच्या कोंड्यातलं सेल्युलोजही बहुतेक तसंच बाहेर पडतं. त्यांचं काम वेगळं आहे, ते वाईट नाहीत, फक्त त्यांच्या डब्यावर कोणी प्रीबायोटिक लिहिलं असेल तर मनातल्या मनात भुवई उंचावायची. नक्की प्रीबायोटिक म्हणावं अशी ठळक नावं म्हणजे इन्युलिन, त्याचाच आखूड भाऊ फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड उर्फ एफओएस, आणि लॅक्टोजपासून बनवलेलं जीओएस.

पण या सगळ्यात मला सर्वात आवडलेली गोष्ट पावडरीची नाहीच, आईच्या दुधाची आहे. ताईला बाळ झालं तेव्हा तिने हे सांगितलं होतं आणि मी हूं हूं करून सोडून दिलं होतं, आता कळतंय ती काय म्हणत होती. आईच्या दुधात पाणी सोडून सगळ्यात जास्त काय असतं, तर लॅक्टोज, मग फॅट, आणि तिसऱ्या नंबरवर असतात ऑलिगोसॅकराइड्स, एका लिटरला साधारण ५ ते १५ ग्रॅम, शंभराच्या वर प्रकार. आणि हा तिसऱ्या नंबरचा घटक बाळाला पचतच नाही! आई स्वतःच्या शरीरातून इतका खर्च करून जे बनवते ते बाळाच्या बॅक्टेरियांसाठी असतं, मुख्यतः बिफिडोबॅक्टेरियम नावाच्या कुळासाठी. हे कूळ १८९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये सापडलं होतं, मायक्रोस्कोपखाली वाय अक्षरासारखे फाटे फुटलेले जीव. शिवाय त्या ऑलिगोसॅकराइड्सचा अजून एक उद्योग म्हणजे काही रोगजंतू आतड्याच्या भिंतीला चिकटायच्या ऐवजी त्यांनाच चिकटतात आणि वाहून जातात. थोडक्यात प्रीबायोटिक हे काही कोणा कंपनीचं डोकं नव्हे, आपण सगळे आयुष्यात पहिल्यांदा जे प्यायलो त्यातच ते होतं.

बरं, बॅक्टेरिया ते खातात, मग आपल्याला काय मिळतं? गॅस मिळतो, ते मी अनुभवलं, पण त्याबरोबर भाडं पण मिळतं. फायबर आंबवून हे जीव तीन छोटी आम्लं बनवतात, अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट हे हिरो आहे, जरी त्याचा वास खवट लोण्यासारखा असला तरी. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपली सुमारे ७० टक्के ऊर्जा ब्युटिरेटमधून घेतात. विचार करा, शरीरातल्या बाकी पेशींना रक्तातून ग्लुकोज वगैरे पोचतं, आणि ह्या पेशी मात्र पलीकडच्या बाजूने, बॅक्टेरियांच्या हातून जेवतात. तुम्ही फायबर खाल्लं नाही तर तुमचं नाही, त्यांचं जेवण बुडतं.

गंमत म्हणजे इन्युलिन आवडीने खाणारे बिफिडोबॅक्टेरिया स्वतः ब्युटिरेट बनवतच नाहीत. ते अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेट बनवून टाकतात, ते फिकॅलिबॅक्टेरियम किंवा रोझब्युरिया वगैरे शेजारी उचलतात आणि ते ब्युटिरेट बनवतात. एकाचं उष्टं दुसऱ्याचं ताट, असा सगळा कारभार. म्हणून एकच एक बॅक्टेरिया कॅप्सूलमधून गिळून सगळं सुरळीत होईल असं धरून चालणं मला आता जरा भाबडं वाटतं, अख्खी चाळ वसलेली असेल तरच हे चालतं.

आता माझ्या अँटिबायोटिकवाल्या प्रकरणाकडे येते, कारण तिथे जे वाचलं त्याने मी खरंच थक्क झाले. मोठ्या आतड्याच्या आत ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि तिथल्या चांगल्या बॅक्टेरियांना तो चालतही नाही. पण भिंतीच्या पलीकडे तर रक्त वाहतंय, ऑक्सिजनने भरलेलं, मग तो आत झिरपत का नाही? कारण अस्तराच्या पेशी ब्युटिरेट जाळतात आणि जाळायला ऑक्सिजन लागतो, तो त्या तिथल्या तिथे वापरून टाकतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की अँटिबायोटिकने ब्युटिरेट बनवणारे मेले की ब्युटिरेट घटतं, पेशी ऑक्सिजन कमी वापरतात, तो आत गळायला लागतो, आणि मग साल्मोनेलासारख्या, ऑक्सिजन मिळाला की फोफावणाऱ्या जंतूंना रान मोकळं. म्हणजे आपल्या पेशी जेवतात तेव्हाच त्या नकळत दाराला कडी लावत असतात. माझ्या आतड्यात त्या आठवड्यात नक्की काय चाललं होतं ते कोणी मोजलेलं नाही, पण हे वाचल्यावर मी दाढेच्या डॉक्टरांनी दिलेल्या त्या गोळ्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. गोळ्या गरजेच्याच होत्या, अर्धवट सोडायच्या नसतातच, फक्त त्यांच्या मागून आवराआवर करावी लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

इम्युनिटीचा मुद्दा इथूनच सुरू होतो. आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा फक्त एक पदर, एकावर एक थर नाहीत, एकच. एका बाजूला लाखो कोटी बॅक्टेरिया, दुसऱ्या बाजूला तुम्ही. म्हणून तर शरीराने आपल्या प्रतिकारशक्तीचा मोठा फौजफाटा आतड्याच्या भोवती उभा केलाय. लहान आतड्यात त्यांच्या चौक्या आहेत, पेयर्स पॅचेस, योहान कॉनराड पेयर या स्विस डॉक्टरने १६७७ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून ते नाव. शरीर आयजीए नावाची अँटिबॉडी रोज काही ग्रॅम बनवतं, आणि त्यातली बरीचशी आतड्यातच ओतली जाते. आणि जंतूविरहित वातावरणात, एकही बॅक्टेरिया नसताना वाढवलेल्या उंदरांमध्ये ह्या चौक्या लहान राहतात, आयजीए फार कमी बनतं, म्हणजे फौजेला शिकवायला सुद्धा बॅक्टेरिया लागतात.

अस्तराच्या वर म्युकसचा बुळबुळीत थर असतो, तो खरा तट. आता इथे एक प्रयोग सांगते जो मी ताईच्या मागे लागून दोनदा समजून घेतला. २०१६ मध्ये एरिक मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. जंतूविरहित उंदरांमध्ये माणसाच्या आतड्यातले १४ निवडक बॅक्टेरिया वसवले, मग काही उंदरांना फायबर असलेलं खाणं आणि काहींना अजिबात फायबर नसलेलं. फायबर बंद झाल्यावर बॅक्टेरिया उपाशी मेले का? नाही ना, त्यांनी म्युकस खायला सुरुवात केली. म्युकसमध्येही साखरेच्या माळा असतात, त्यांच्या दृष्टीने ते पण खाणंच. तट पातळ झाला, आणि नंतर उंदरांना एक आतड्याचा रोगजंतू दिला तर बिनफायबरवाल्या उंदरांचे हाल हाल झाले. भाडेकरूंना जेवण दिलं नाही तर ते भिंत खातात, ताईच्या शब्दांत. आणि त्याच प्रयोगात अजून एक गोष्ट होती जी पावडर विकणारे सांगत नाहीत, की बिनफायबरच्या खाण्यात नुसती शुद्ध केलेली प्रीबायोटिक फायबर्स मिसळली तर म्युकस वाचला नाही, अख्ख्या धान्यावनस्पतींचं गुंतागुंतीचं फायबर दिलं तेव्हाच वाचला. हे वाचलं तेव्हा माझ्या डब्याकडे बघून मला जरा कसंसंच झालं.

आणि हो, "इम्युनिटी बूस्ट" हा शब्द. मला तो आता ऐकवत नाही. इम्युनिटी नुसती वाढवायचीच असती तर अ‍ॅलर्जी हे वरदान म्हटलं असतं आपण, कारण ती पण इम्युनिटीच, फक्त चुकीच्या गोष्टीवर तुटून पडलेली. शरीरात टी-रेग नावाच्या पेशी असतात, त्यांचं काम भांडण सोडवायचं, अरे हे शेंगदाणे आहेत शत्रू नाही, अरे हा आपलाच सांधा आहे, अशा थाटाचं. २०१३ मध्ये तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी एकाच वर्षात दाखवलं की फायबरपासून बनणारी ही छोटी आम्लं उंदरांच्या आतड्यात ह्या टी-रेग पेशी वाढवतात. फायबरचा इम्युनिटीशी संबंध आहे तो बराचसा असा, तट शाबूत ठेवणं आणि घरातल्या तापट माणसाला शांत ठेवणं. हे खाल्लं म्हणून सर्दी होणार नाही असलं काही नाही, मला मधे चांगली आठ दिवस सर्दी झाली होती.

उंदीर उंदीर काय लावलंयस, असं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे, मलाही तीच शंका होती. माणसांवरचं चित्र जरा कमी चकचकीत आहे, पण जास्त खरं. २०१५ मध्ये छापून आलेला एक अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेतले २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले २० जण, दोन आठवडे एकमेकांचं जेवण खायचं. अमेरिकेतल्यांचं रोजचं फायबर १४ ग्रॅमवरून ५५ वर गेलं, आफ्रिकेतल्यांचं ६६ वरून १२ वर आलं. फक्त दोन आठवडे, आणि पहिल्या गटात ब्युटिरेट अडीचपट झालं, आतड्याच्या अस्तराची सूज उतरली, दुसऱ्या गटात बरोबर उलटं झालं. जेवणातली चरबी पण बदलली होती त्यात, त्यामुळे सगळं श्रेय फायबरला देता येत नाही, पण तरी १४ दिवसांत एवढा फरक.

आणि आता थंड पाण्याची बादली. २०२१ मध्ये स्टॅनफर्डचा अभ्यास आला, ३६ निरोगी माणसं, १० आठवडे, अर्ध्यांनी भरपूर फायबर खायचं आणि अर्ध्यांनी दही-केफिर-किमची असे आंबवलेले पदार्थ. मी आपली फायबरच्या बाजूने टाळ्या वाजवायला बसलेले. तर निघालं काय, आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातलं बॅक्टेरियांचं वैविध्य वाढलं, रक्तातली सूज दाखवणारी १९ प्रोटीन्स कमी झाली. फायबरवाल्यांमध्ये वैविध्य होतं तिथेच राहिलं आणि इम्युनिटीचा प्रतिसाद माणसागणिक वेगळा आला, ज्यांच्या पोटात आधीपासून विविध बॅक्टेरिया होते त्यांची सूज कमी झाली, बाकीच्यांचं तसं नाही. मला हे ऐकून जरा वाईट वाटलं पण विचार केला तर पटतं, खाणारेच उरले नसतील तर नुसतं वाढून काय उपयोग. दहा आठवडे कमी पडले असतील असंही त्या संशोधकांना वाटतं. माझ्यापुरता मी तोडगा काढला, दही पण खायचं आणि फायबर पण, भांडण मिटलं.

दूरचा हिशोब मात्र फायबरच्या बाजूने भक्कम आहे. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १८५ अभ्यास आणि ५८ चाचण्यांचा एकत्र आढावा आला, त्यात दिवसाला २५ ते २९ ग्रॅम फायबर खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, स्ट्रोक, टाइप टू डायबेटिस, मोठ्या आतड्याचा कॅन्सर आणि एकूण मृत्यू सुद्धा, कमी फायबर खाणाऱ्यांच्या तुलनेत १५ ते ३० टक्के कमी दिसले. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना रोज निदान २५ ग्रॅम सांगते. मी एक आठवडा वहीत लिहून काढलं, लेबलं वाचत, काट्यावर मोजत. सरासरी १३. मी, जिला वाटत होतं की आपण बऱ्यापैकी हेल्दी खातो. एक दिवस तर ८ होते, तो दिवस बिस्किटांचा आणि कॉफीचा होता, त्याबद्दल नंतर कधीतरी.

मग काय केलं. पावडर बाजूला ठेवली आणि ताटाकडे बघायला लागले. प्रीबायोटिकसाठी काही दुर्मिळ लागत नाही, कांदा आणि लसूण यांच्यातच इन्युलिन-एफओएस असतं, लीक आणि अस्पॅरॅगसमध्ये असतं, ओट्स-बार्लीत बीटा-ग्लुकन नावाचं फायबर असतं जे बॅक्टेरियांना चांगलंच आवडतं, कडधान्यांमध्ये रॅफिनोज-स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात, राजमा खाल्ल्यावर जे होतं ते त्यांच्याच कृपेने. पावडरीतलं इन्युलिन बहुतेक चिकोरीच्या मुळातून काढतात. मला सगळ्यात मजा वाटली ती रेझिस्टंट स्टार्चची. उकडलेला बटाटा किंवा शिजवलेला भात गार झाला की त्यातल्या थोड्या स्टार्चचे धागे परत घट्ट बांधले जातात आणि मग ते आपल्या एन्झाइम्सना जुमानत नाही, सरळ खाली भाडेकरूंकडे जातं. परत गरम केलं तरी सगळं जात नाही. फार मोठं प्रमाण नाही, चमत्कार नाही, पण उरलेला बटाटा खाताना आता अपराधी वाटत नाही एवढं खरं. फक्त शिजवलेला भात बाहेर तासन्‌तास ठेवून गार करू नका, त्यात बॅसिलस सेरिअस वाढतो आणि त्याचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. पिकायच्या बेतात असलेलं, जरा हिरवट केळं पण ह्याच गटातलं, पण ते तोंडात खडूसारखं लागतं, मी दोन दिवस खाल्लं आणि सोडलं. माझ्याच्याने नाही होत.

वाढवायचं कसं हे मी मार खाऊन शिकले म्हणून सांगते, हळू. बॅक्टेरिया फायबर आंबवतात तेव्हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, काहींच्या पोटात मिथेन पण, आणि एकदम ढीग ओतला की एकदम फुगा. हळूहळू वाढवलं तर दोनतीन आठवड्यांत तो गॅस वापरणारे जीव पण जोर धरतात आणि आवाज कमी होतात. मी आठवड्याला ३-४ ग्रॅम वाढवत गेले, एक आठवडा सकाळचे ओट्स, पुढच्या आठवड्यात एक वाटी मसूर, असं. पाणी पण वाढवायला लागलं, नाहीतर तेच फायबर आत दगड होऊन बसतं. कडधान्यं भिजवून ते पाणी फेकलं की गॅस करणाऱ्या साखरा थोड्या कमी होतात. तेही मी करते, सोमवारी मीटिंग असेल तर नक्की करते.

आणि कोणी म्हणेल की मला कांदा-लसूण सोसतच नाही, तर तो नखरा नाही हं. इरिटेबल बॉवेल असलेल्या लोकांना हीच प्रीबायोटिक्स त्रास देतात, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश युनिव्हर्सिटीच्या लोकांनी जो लो-फॉडमॅप, म्हणजे पोटात चटकन आंबणारी कर्बोदकं कमी केलेला आहार तयार केला त्यात तात्पुरतं बंद करायच्या यादीत कांदा, लसूण, गहू, राजमा वगैरे असतातच, म्हणजे इथे ज्यांचं कौतुक चाललंय तेच सगळे आरोपी. अशांनी ब्लॉग वाचून पावडर घेऊ नये, डॉक्टर किंवा डाएटिशियनला विचारून चालावं. आतड्याला सूज असणाऱ्यांनी, ऑपरेशन झालेल्यांनी पण तसंच.

एकाच गोष्टीचा भडिमार करण्यापेक्षा प्रकार वाढवणं बरं असं ताई म्हणते, कारण प्रत्येक बॅक्टेरियाचं आवडतं खाणं वेगळं. २०१८ मध्ये आलेल्या अमेरिकन गट (इंग्रजीतलं gut, म्हणजे आतडं) प्रोजेक्टच्या आकडेवारीत आठवड्याला ३० पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात १० किंवा त्याहून कमी खाणाऱ्यांपेक्षा जास्त विविध बॅक्टेरिया दिसले होते. मी मोजले, तीळ-जिरं-मिरी सगळं धरून २३ वर अडकले, मिरी मोजायची का नाही यावरून ताईशी दहा मिनिटं वाद पण झाला. सातत्य मात्र लागतं. खाणं बदललं की आतली मंडळी एकदोन दिवसांत बदलायला लागतात आणि जुन्यावर आलात की तितक्याच लवकर परत फिरतात, म्हणजे चार दिवस जोरात करून महिनाभर सुट्टी हे इथे चालत नाही, माझं व्यायामाचं जे होतं ते.

माझं म्हणाल तर पोट साधारण दोन महिन्यांत ताळ्यावर आलं. ते फायबरने का नुसत्या वेळेने, देव जाणे, अँटिबायोटिकनंतर बऱ्याच जणांचं आपोआप पण बरं होतं. आता वहीत २६-२७ दिसतात बहुतेक दिवशी. पावडर मी अजूनही अधूनमधून घेते, प्रवासात वगैरे, ती काही फालतू नाही, रोज १२ ग्रॅम चिकोरीचं इन्युलिन घेतल्याने पोट नियमित राहायला मदत होते हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मान्य केलाय. फक्त चहाचा अर्धा चमचा आणि रात्री, म्हणजे जो काही गोंधळ व्हायचा तो झोपेत होऊन जातो. तरी डब्यात अजून अर्ध्याच्या वर शिल्लक आहे आणि एक्स्पायरी पुढच्या महिन्यात. ताई म्हणते मला देऊन टाक, लॅबमध्ये प्लेटमध्ये घालून थेट बॅक्टेरियांनाच भरवते, मधे तू कशाला.